कातळवाडीच्या पंचाला आठवलं नाही

फार फार वर्षांमागं डोंगराच्या पायथ्याशी एक मोठा तलाव होता. आसपासची सगळी गावं त्याच्याच पाण्यावर शेती करत. पाणी कुठल्या गावाला कधी सोडायचं, हे एकच माणूस ठरवी. त्याला मोठा पाटकरी म्हणत.

पाटकरी थकला की गावं नवा निवडत. आधी प्रत्येक गाव चावडीवर बसून एक नाव पक्कं करी आणि मग आपला पंच तलावाकाठच्या देवीच्या देवळात पाठवी. पंचानं तिथे गावानं ठरवलेलं नाव सांगायचं, एवढंच त्याचं काम. त्या वर्षी जवळजवळ सगळ्याच गावांनी हैबतरावांचं नाव पक्कं केलं होतं. माणूस उंचापुरा, बोलायला गोड. देवळात सभा भरायच्या आधीच लोक त्यांना पाटकरी म्हणून हाक मारू लागले होते.

कातळवाडीचा पंच रायाजी गाडी जुंपून सभेला निघाला. वाटेत ओढ्याकाठी त्याला आणखी दोन पंच भेटले. एक बोरखेडचा म्हाळोजी, दुसरी सावरगावची सगुणाबाई. तिघंही आंब्याच्या सावलीत शिदोरी सोडून बसले.

सगुणाबाई खुशीत होती. म्हणाली, "यंदा आमची मिरची सुकायची नाही. पहिलं पाणी सावरगावला, असं हैबतराव आमच्या ओसरीवर बसून बोललेत."

रायाजीचा घास हातातच राहिला. "तुम्हाला? अहो, पहिलं पाणी तर त्यांनी कातळवाडीला कबूल केलंय!"

म्हाळोजी खाली बघत हळूच म्हणाला, "मलाही हेच सांगितलंय. वर म्हणाले, कुणाजवळ बोलू नका."

तिघांनीही शिदोऱ्या पुन्हा बांधल्या.

"आता यात अवघड काय आहे?" सगुणाबाई म्हणाली. "सभेत उभं राहायचं आणि तिघांनी मिळून विचारायचं, की पहिलं पाणी नक्की कुणाला?"

"आणि एवढं करून तेच पाटकरी झाले तर?" रायाजी म्हणाला. "ज्यानं तोंड उघडलं, त्याच्या गावाचं पाणी आधी तुटेल."

म्हाळोजीलाही ते पटलं. "खरं कारण बोलायचंच नाही. पंचांनी गावाचं न ऐकता आपल्या मनानं नाव घ्यावं, असा नवा नियम मागू. तो झाला की बाकीच्या पंचांनाही गुपचूप वळवता येईल आणि हैबतराव आपोआप मागे पडतील."

"मग नाव कुणाचं घ्यायचं?" सगुणाबाईनं विचारलं.

 म्हाळोजी मिशीवरून हात फिरवत होता. रायाजीला वाटलं, याला स्वतःलाच पाटकऱ्याचं पागोटं हवंय. म्हाळोजीनंही रायाजीकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. त्याच्याही मनात तेच आलं. तरी तिघांनी ओढ्याचं पाणी हातात घेऊन शपथ घेतली, की यातलं अक्षरही बाहेर जाऊ द्यायचं नाही.

रायाजी देवळापाशी पोचला, तेव्हा म्हाळोजी आधीच आलेला होता. हैबतराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलत होते आणि म्हाळोजी मान हलवत होता.  'हा फुटला,' तो मनाशी म्हणाला.

सभा भरली. गावोगावची माणसं ऐकायला आली होती. जुन्या पाटकऱ्यानं नावं सांगायला सांगितलं, तसा रायाजी उठला. "माझं एक म्हणणं आहे. गावानं सांगितलेलं नाव घ्यायची रीत आता मोडावी. पंचांनी आपल्या मनानं निवड करावी."

सभेत एकच गलका झाला. जुन्या पाटकऱ्यानं हात वर केला. "का रे बाबा? गावाच्या शब्दात काय वाईट दिसलं तुला?"

रायाजीनं म्हाळोजीकडे पाहिलं. म्हाळोजीनं मान खाली घातली. रायाजीचा संशय पक्का झाला. तो म्हणाला, "तसं काही नाही. सहज आपलं. रीत जुनी झाली, म्हणून."

"सहज?" मागून एक म्हातारा ओरडला. "आम्ही गावानं बसून ठरवायचं आणि तू ते सहज मोडायचं?"

हैबतरावांनी पुढे होऊन हात जोडले. "माझ्यात काही खोट असेल, तर या पंचांनी सगळ्यांसमोर सांगावी. मी आत्ता घरी जातो."

आता मात्र सगुणाबाईला राहवलं नाही. ती उभी राहिली. "मी सांगते. यांनी आम्हा तिघांनाही पहिलं पाणी कबूल केलंय. या दोघांना विचारा."

लोक हसले. "मघाशी नियम मोडायचा होता. तो डाव फसला, तर आता हे काढलंय!"

जुना पाटकरी मात्र हसला नाही. त्यानं रायाजीला विचारलं, "बाई म्हणते ते खरं का? तुला असं कबूल केलं होतं?"

 रायाजीनं पुन्हा म्हाळोजीकडे पाहिलं. म्हाळोजीची मान अजून खालीच होती. आता खरं बोललो आणि तरी हैबतरावच पाटकरी झाले, तर कातळवाडी कोरडी राहील, असं रायाजीला वाटलं.

"मला काही तसं आठवत नाही," तो म्हणाला.

म्हाळोजीला विचारलं, तेव्हा तोही तेच म्हणाला. सगुणाबाई एकटी उभी राहिली, मग मुकाट्यानं खाली बसली. हैबतरावांच्या डोक्यावर पागोटं चढलं.

उन्हाळा आला. पहिलं पाणी हैबतरावांच्या स्वतःच्या उसाला गेलं, दुसरं त्यांच्या सासुरवाडीला. बोरखेडचा पाट कोरडा पडला. कातळवाडीचा भुईमूग उभ्या उभ्या वाळला.

एके दिवशी म्हाळोजी रायाजीच्या बांधावर आला. रायाजी त्याच्यावर उसळलाच. "सभेच्या आधी हैबतरावांना जाऊन काय सांगितलंस?"

"मी?" म्हाळोजी चकित झाला. "माझा बैल लंगडत होता. काय झालं म्हणून ते विचारत होते."

"मग मान का खाली घातलीस?"

"तू सगळ्यांसमोर माझ्याकडे बघितलंस, तेव्हा मला वाटलं, तूच त्यांना फितूर झालास आणि आता माझं नाव घेणार."

 दोघं तसेच उठले आणि सावरगावला गेले. सगुणाबाई बोलली होती म्हणून तिच्या गावाला पाण्याचा थेंबही मिळाला नव्हता. मिरचीची रोपं जळून काळी पडली होती. ती उपटून सगुणाबाई ढीग घालत होती.

"आमचं चुकलं, बाई," रायाजी म्हणाला. "आम्ही आता गावोगाव फिरतो. तुम्ही खरं बोललात, हे सगळ्यांना सांगतो."

सगुणाबाईनं हातातलं रोप ढिगावर टाकलं.

"आता सांगून काय होणार, रायाजी? आता तर ज्याला त्याला आपलं रान बघून कळतंय."

तात्पर्य: संशय खरा असला, तरी तो आडून मांडला की डावच वाटतो आणि मग पाठोपाठ आलेलं खरंही कुणाला खरं वाटत नाही. ज्याला अडवायचं, त्याला कारण सांगून उघडपणे आणि वेळेवर अडवावं.