सात वार मरण नाही

हैबतराजे मेले, आणि मेल्याचं मान्य करीनात.

घाबरू नका, खरे नव्हेत. सोंगपटात मेले. सोंगपट हा त्या गडावरचा लाडका खेळ. चादरीवर डोंगर, गुहा, नद्या रंगवलेल्या असायच्या. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, फासे टाकायचे आणि त्या सोंगानं लढायचं. राजे झाले होते शूर विक्रमकेतू, आणि राणीसाहेबांचे भाऊ धारराव झाले होते कराळ दैत्य. दैत्यानं गदा हाणली, फासे भरभरून पडले, आणि धारराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "दाजी, मेलात."

"मेलो कसा? आमच्याकडे जादूची ढाल आहे!"

खेळात प्रत्येक हत्याराचं एक लाखेनं रंगवलेलं पान असायचं; ढालीचं पान राजांसमोरच पडलं होतं. त्यावर एवढंच लिहिलं होतं : 'या ढालीपाशी सात वार मरण नाही.'

"सात वार झेलले की तिनं," धारराव म्हणाले. "हा आठवा."

"सात वार म्हणजे सोमवार ते रविवार. आठवा वार कुठून तरी शोधून आणा, त्या वारी खुशाल मरतो."

झालं, जुंपली. पान लिहिलं होतं गडावरच्या गणबा पटकऱ्यानं. पट मांडायचा, पानं लिहायची, हेच त्याचं काम. त्याला पुढं बोलावलं.

"तूच लिहिलंस ना? मग अर्थ सांग."

गणबानं हात जोडले. "महाराज, पान लहान होतं. मावलं तेवढं लिहिलं."

मग शास्त्रीबुवा आले. व्याकरणवाल्यांनी 'वार' शब्दाची चिरफाड केली. न्यायवाल्यांनी 'मरण' म्हणजे काय इथपासून सुरुवात केली, आणि जेवणवेळ टळून गेली तरी ते 'नाही'पर्यंत पोचले नव्हते. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, की प्रश्न गहन आहे आणि दक्षिणा वाढवायला हवी.

राजांनी गणबाला सज्ज्यात एकीकडे घेतलं. "नीट ऐक. आम्ही हरता कामा नये आणि मेहुणा रुसता कामा नये. त्याचे घोडेस्वार गडाखाली उतरलेत, रुसला तर ते वर येतील. दिवे लागायच्या आत असा अर्थ काढ, नाहीतर बिऱ्हाड उचल आणि राज्याबाहेर चालता हो."

गणबाचा सारा जन्म गडावर गेलेला. या वयात जायचं कुठं? तो तडक विडे लावायच्या खोलीत गेला. तिथं त्याची लेक भिवरा राजांच्या बैठकीचे विडे लावत होती.

"पोरी, भांडीकुंडी बांधायला घे," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

भिवरानं पानाला चुना लावता लावता ऐकून घेतलं. "आबा, लिहिताना तुमच्या मनात काय होतं?"

"काही नव्हतं गं. कानाला बरं वाटलं."

"मग सुटलो. काही असतं तर तेच धरून बसावं लागलं असतं."

विड्यांचं तबक उचलून ती थेट बैठकीत गेली. मुजरा करून म्हणाली, "महाराज, आबांनी अर्थ पाठवलाय. पण आधी सांगावं, विक्रमकेतू आणि दैत्य एकमेकांपासून किती लांब उभे होते?"

"लांब कसले? नाकाला नाक लावून लढत होतो."

"मग दोघंही जिवंत आहेत."

शास्त्र्यांनी माना वर केल्या. धारराव म्हणाले, "ते कसं काय बुवा?"

"सरकार, बाजारात लुगडं घ्यायला गेलं की दुकानदार सोमवार-मंगळवार मोजत नाही, आणि गदाही हाणत नाही. कापड वारावर मोजून देतो. 'ढालीपाशी सात वार' म्हणजे ढालीपासून सात वार अंतर. तेवढ्यात मरण नाही."

"ते ढाल धरणाऱ्याला. आम्हा दैत्यांना त्याचं काय?"

"पानावर धरणाऱ्याचं नाव कुठाय? मरण नाही म्हटलं, म्हणजे कुणालाच नाही. तुमची गदा चालायची नाही, तशी महाराजांची तलवारही चालायची नाही."

व्याकरणशास्त्री न्यायशास्त्र्यांच्या कानात कुजबुजले, "असंही होतं खरं." दक्षिणा हातची गेली म्हणून दोघेही कष्टी झाले.

राजे अजून नरमले नव्हते. "मग ही लढाई संपायची कशी?"

"सोपं आहे, महाराज. एक तर आपण ढाल खाली ठेवून सात वार मागं सरावं, नाहीतर सरकारांनी सरावं. जो मागं सरेल तो मरेल."

राजांनी मेहुण्याकडं पाहिलं. "सरा मागं."

"मी? या धाररावानं आजवर पाऊल मागं घेतलेलं नाही. तुम्हीच सरा."

"आमच्या सात पिढ्यांत कुणी सरलं नाही!"

दोघं एकमेकांकडं डोळे वटारून बघत राहिले. आधी धाररावांच्या मिशा थरथरल्या, मग राजांचं पोट हलायला लागलं, आणि दोघं असे हसत सुटले की फासे चादरीवरून घरंगळले. धाररावांनी तबकातले दोन विडे एकदम तोंडात कोंबले. असा तोंड भरलेला माणूस रुसणार तरी कसा?

दाराआड उभ्या गणबाला राजांनी हाक मारली. "गणबा, बिऱ्हाड बांधलं असशील तर सोड. पट तुझ्याकडेच राहील. आणि यापुढं पानं मोठी घे." गणबाला रडूच फुटलं, त्यानं तिथंच लोटांगण घातलं.

राजे हसून हसून बेजार झाले होते. डोळे पुसत, हात उंचावून त्यांनी दारातल्या पहारेकऱ्याला फर्मावलं, "अरे, बघतोस काय? हिला आत्ताच्या आत्ता नऊ वार द्या!"

पहारेकरी बिचारा हुकमाचा ताबेदार. तो तलवारीच्या मुठीवर हात ठेवून पुढं आला.

भिवरा चटकन तबकाआड झाली. "महाराज, कापडाचे की तलवारीचे, तेवढं आधी बोला!"