भुऱ्याचे दात

फार पूर्वी, राजे हत्तीवरून फिरत आणि बातम्या पायी चालत त्या काळी, एका मोठ्या तळ्याच्या काठी राजाचा एक शिकारी राहत असे. त्याचा नेम सहसा चुकत नसे. अडचण होती ती नेम लागल्यानंतरची. बदक पडे ते भर पाण्यात, नाहीतर लव्हाळ्यांच्या दाटीत, आणि ते शोधून आणण्यात त्याचा अर्धा दिवस जाई.

म्हणून त्याने एक कुत्र्याचं पिल्लू पाळलं. रंगाने भुरं, म्हणून नाव भुऱ्या. पाण्याला तो भीत नसे आणि नाकाचा मोठा तिखट होता. पडलेलं बदक हां हां म्हणता घेऊन येई. पण आणताना करकचून धरी. मग राजाचा आचारी पक्षी उलटासुलटा करून बघे आणि नाक मुरडे.

"दात लागलेत याला. राजाच्या ताटात उष्टं वाढू का मी?"

आता कुत्र्याच्या तोंडातून आलेला पक्षी मुळातच उष्टा! पण दाताची खूण दिसली तर उष्टा आणि न दिसली तर चोख, असा राजवाड्यातला न्याय होता. शिकारी बिचारा वाद कोणाशी घालणार? त्याने भुऱ्यालाच शहाणं करायचं ठरवलं.

त्याने बदकाच्या पिसांचं एक गाठोडं बांधलं आणि आत बाभळीचे काटे भरले. ते लांब फेकून तो म्हणे, "आण!" भुऱ्या धावत जाई, गाठोडं चावे आणि केकाटत परत येई. टाळूतून रक्त गळे. दुसऱ्या दिवशी शिकारी पुन्हा तेच गाठोडं फेकी. हळूहळू भुऱ्याला कळलं, की जबडा मिटला की दुखतं. मांजर आपलं पिल्लू उचलते तसा तो गाठोडं अलगद उचलू लागला. जवळ आला की शिकारी म्हणे, "सोड!" आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवी. त्या हातासाठी भुऱ्याने जीवही दिला असता.

"आण" आणि "सोड". भुऱ्याला एवढे दोनच शब्द येत.

पुढे भर दरबारात भुऱ्याने कोंबडीचं कच्चं अंडं तोंडात धरून राजापर्यंत नेलं. अंड्याला तडासुद्धा गेला नाही. राजा खूश झाला. त्याने शिकाऱ्याच्या हातात चांदीचं कडं घातलं. शिकारी घरी आला तो छाती फुगवूनच.

त्याच्या बायकोला मात्र वेगळंच दिसत होतं. एकदा गावातल्या कुत्र्यांनी भुऱ्याला घेरून फाडलं. तो रक्ताळून दारात आला, पण उलट एकालाही चावला नव्हता. तिने जखमांवर हळद दाबली आणि नवऱ्याला म्हणाली,

"अहो, हाड टाकलं तरी हा चघळत नाही. नुसता तुमच्या तोंडाकडे बघतो. चावण्याचाही एखादा शब्द शिकवा की त्याला."

शिकारी हसला. "अगं, शिकवण मुरली म्हणतात ती हीच! एकदा चावायला शिकला, की बदकालाही चावेल. मग हे कडं राहील का हातात?"

"कडं राहील, पण कुत्रा राहायला हवा ना," ती म्हणाली. शिकाऱ्याने ते मनावर घेतलं नाही.

एके दिवशी शिकार आटोपून तो करंजाच्या सावलीत पाय पसरून पडला. त्याचा डोळा लागला. तेवढ्यात लव्हाळ्यातून एक जाडजूड घोणस निघाली आणि सरळ त्याच्या पायाकडे सरकू लागली. भुऱ्याने ती पाहिली. तो झेपावला आणि त्याने तिला मधोमध उचललं. अगदी अलगद.

भात्यासारखा तिचा फूत्कार ऐकून शिकारी दचकून उठला. बघतो तर घोणस भुऱ्याच्या तोंडात वळवळते आहे आणि मान वळवून त्याच्या गालाला डसते आहे.

"चाव, भुऱ्या! तोड तिला!" तो ओरडला.

भुऱ्याने कान टवकारले. हे शब्द त्याने कधी ऐकलेच नव्हते. त्याचा जबडा किंचित मिटला, पण लगेच पुन्हा सैल झाला. त्या तोंडाला काटे आठवत होते. घोणस पुन्हा डसली.

शेवटी शिकाऱ्याने त्याला कळणारा शब्द उच्चारला. "सोड!"

भुऱ्याने घोणस जपून खाली ठेवली. तिला एक ओरखडाही नव्हता. ती सळसळत लव्हाळ्यात निघून गेली. आणि भुऱ्या शेपटी हलवत मालकासमोर येऊन बसला. काम झालं होतं, आता पाठीवरून हात फिरायचा होता.

शिकाऱ्याने तो हात फिरवला. फिरवतच राहिला. मग त्याला खांद्यावर घालून तो घराकडे धावत सुटला, पण वाटेतच भुऱ्याची मान कलंडली.

बायकोने अंगणात त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मिटता न आलेलं ते तोंड तसंच उघडं होतं. आत टाळूवर काट्यांचे जुने वण होते आणि दात पिल्लासारखे पांढरे, न झिजलेले. शिकारी ते बघून ओक्साबोक्शी रडला.

राजाने दुसरं पिल्लू धाडलं. शिकाऱ्याने त्याला पहिल्या दिवशी हाड दिलं आणि "चाव" हा शब्द शिकवला. पुढे पक्षी उष्टे म्हणून परत येऊ लागले. राजाची चाकरी गेली, कडंही गेलं. त्याचं त्याला काही वाटलं नाही. पण नव्या कुत्र्याने हाड कडकन फोडलं, की त्याचे डोळे दर वेळी भरून येत. कारण तो आवाज त्याने भुऱ्याच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता.

बोध: आपल्या सोयीसाठी कुणाचे दात काढून घेऊ नयेत, वेळ आली की ते परत देता येत नाहीत.