न हललेली खूण

बिल्डर धनावडेशेठांचा आवाज मोठा आणि भिंती कच्च्या. सोसायटीच्या सभेत ते गरजले, "माझी इमारत हललेलीच नाही! या बाईंचं यंत्र हललं असेल."

बाई म्हणजे इंजिनियर शाल्मली दुभाषे. दोन वर्षांत तीनदा लेझर स्कॅनिंग करून तिने दाखवून दिलं होतं, की मागची भिंत इंचभर बाहेर झुकलीय.

"मोजायला न हललेली खूण लागते ना? कुठाय ती?" शेठ कुत्सित हसले.

तिचं डोकं फिरलं. "ही काय, समोर बसलीय! रहिवाशांनी अकरा तक्रारी केल्या. भिंत हलली, जिना हलला, जागचे हलला नाहीत ते फक्त तुम्ही!"

शेठ ताडकन उठले.

"हललात एकदाचे! आता त्या भिंतीलगतची माणसं हलवा."