नववी पायरी

“मग तुम्हाला बुडून मरायचंय का, बाबा?”

केतकीने माइक पुढे केला. ती मुंबईच्या एका वृत्तवाहिनीची बातमीदार. सकाळपासून वादळाची बातमी तीच देत होती, आणि ती बघून किनाऱ्यावरची वाडी रिकामी झाली होती. खडकावरच्या दर्ग्यातले फकीर सुलेमानबाबा तेवढे जागचे हलले नव्हते.

“कॅमेरा कुठे लावलायस, पोरी?”

“सगळ्यात खालच्या पायरीवर.”

“का?”

“लाट मोठी दिसते.”

बाबा हसले.

“दर्ग्याला सतरा पायऱ्या आहेत. चाळीस वर्षांत प्रत्येक वादळाचं पाणी कुठवर आलं, तिथे मी चुन्याची रेघ मारलीय. खालून नवव्या पायरीच्या वर एकही रेघ नाही.”

“यंदा येईल! सगळे शाळेत गेलेत. तुम्हीही चला.”

“शाळा कुठे आहे?”

“डोंगराच्या पायथ्याशी…”

बाबांनी तांब्या उचलला आणि तिच्या तळहातावर पाणी ओतलं. लाल, दाट. बोटांमधून माती ओघळली.

“शाळेमागच्या झऱ्याचं. भर पावसातही कधी गढूळ झालं नाही. कालपासून असं येतंय. डोंगर आतून सुटतोय. शाळेत दोनदा सांगून आलो. म्हणाले, टीव्हीवर तर समुद्र दाखवतायत…”

केतकीने हात पुसला नाही.

फोन वाजला. ऑफिसमधून साहेब ओरडत होते, “लाटा दाखव, लाटा!”

तिने फोन खाली घेतला. “बाबा, डोंगर नुसता उभा आहे. उभा डोंगर कोण बघणार?”

“शाळेत नव्वद माणसं आहेत. सगळी मोबाइलवर तुलाच बघतायत.”

“…माझी नोकरी जाईल.”

बाबा उठले. खाली उतरले, कॅमेरा स्टँडसकट खांद्यावर घेतला. कॅमेरामन “अहो, अहो” करत मागे धावला. सतराव्या पायरीवर बाबांनी कॅमेरा टेकवला. समुद्राकडे पाठ, डोंगराकडे तोंड.

केतकीने डोंगराकडे पाहिलं. मग तिने माइक तोंडाशी नेला.

“शाळेतल्या सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता बाहेर पडा. दर्ग्यात या…”

फोन पुन्हा वाजला. तिने स्पीकर लावून तो बाबांपुढे धरला.

“हा काय मूर्खपणा आहे? तिथे काहीच घडलेलं नाही!”

बाबा फोनकडे वाकले.

“घडल्यावर तुम्ही याल, साहेब. ते मला ठाऊक आहे.”