घंगाळातलं पाणी

"पाऊस जाऊन दोन महिने झाले, बाबा. मग माझ्या घराच्या भिंती अजून ओल्या का?"

रंगनाथ बावळेकर दारातूनच विचारत होता. चपला काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

हसनबाबा शेगडीवर हात शेकत बसले होते. महाबळेश्वरच्या पठाराच्या अगदी टोकाला, कड्याजवळ, त्यांची एका खोलीची झोपडी. फकिरी घेण्याआधी तीस वर्षं त्यांनी तिथले बंगले शाकारले. त्या पावसापुढे उघडी भिंत टिकत नाही, म्हणून वैशाखात भिंतींना कोळम गवताच्या जाड झडी, म्हणजे पडदे, बांधायच्या आणि दसरा झाला की उतरवायच्या, हा तिथला रिवाज. रंगनाथ विशीत असताना हे काम त्यांच्याच हाताखाली शिकला.

पुढे तो शहाणा झाला. गच्च्यांना केमिकल मारायला लागला, नाव कमावलं, आणि गवत बांधणं हा अडाणीपणा आहे असं चारचौघांत सांगू लागला. बाबांच्या कानावर ते आलं होतं. ते त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत.

"आत ये," बाबा म्हणाले. "काय काय ओलं आहे?"

"सगळंच. गाद्या ओल्या, भिंतींना पाझर. प्रमिलेच्या साड्यांवर पांढरी बुरशी आलीय. काडेपेटीतली काडी पेटत नाही."

प्रमिला त्याची बायको. श्रावणात गेली. आता मार्गशीर्ष चालू होता.

रंगनाथने खिशातून एक गोल मीटर काढलं. हवेतली ओल मोजणारं. गेले चार महिने ते त्याच्या खिशातच असायचं, जसं एखाद्याच्या खिशात देवाचा फोटो असतो.

"सकाळी घरात अठ्ठ्याऐंशी टक्के होते. पन्नासवर यायला पाहिजे."

त्याने ते शेगडीपासून जरा लांब ठेवलं. काटा हलला, घसरत घसरत पंचावन्नावर आला आणि थांबला. रंगनाथने मीटरवर टिचकी मारली. काटा जागचा हलला नाही.

"तुमचं दार सताड उघडं. बाहेर धुकं. आणि पंचावन्न?"

बाबांनी निखारे सारखे केले.

"पन्नास कशाला हवेत तुला?"

"मेघनाला मुलगा झालाय." रंगनाथचा आवाज पडला. "बाळंतपण वाईला झालं, मावशीकडे. आई नाही, मग माहेरी कोण करणार? बावीस दिवसांचा आहे. त्याची छाती भरते. डॉक्टर म्हणाले, ओलीच्या घरात पाऊलसुद्धा टाकू नका. रविवारी जावई येऊन दोघांना भोपाळला घेऊन जाणार. मी अजून नातवाचं तोंड पाहिलेलं नाही."

"वाई तासाभरावर आहे."

"घर सोडून जाऊ?"

त्याने हे असं विचारलं, की जणू आत कुणी आजारी माणूस झोपलेलं आहे. बाबांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. दाढी वाढलेली, सदऱ्याला कुबट वास. कोरडेपणाची हमी देत गावभर फिरणारा माणूस हाच, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

"खिडक्या?"

"बंद आहेत. फटींना पट्ट्या चिकटवल्यात. बाहेरचं धुकं आत नको."

"आणि कोळम?"

रंगनाथने मीटर उगीच फिरवून ठेवलं.

"रंगनाथ, कोळम उतरवलंस का?"

"नाही."

"दसरा होऊन गेला."

"तिने बांधलंय ते, बाबा. मी तिला दरवर्षी म्हणायचो, आपल्या भिंतींना केमिकल मारलंय, गवत कशाला? ती म्हणायची, तुमचं केमिकल लोकांच्या घरांना लावा. वैशाखात शिडीवर चढून स्वतः बांधलं. धाप लागत होती, तरी बांधलं. त्या गाठी मी कशा सोडू?"

भिजलेलं गवत दसऱ्यानंतरही भिंतीला चिकटून राहिलं तर भिंत सुकतच नाही, हे बाबांनीच त्याला शिकवलं होतं. तो विसरला नव्हता. त्याला ते आठवायचं नव्हतं, इतकंच.

"मी काही हातावर हात ठेवून बसलेलो नाही," रंगनाथ म्हणाला. जुना ताठा जरासा परत आला. "मशीन आणलंय. हवेतलं पाणी ओढून घेतं. चार महिने रात्रंदिवस चालू आहे. रोज तांब्याभर पाणी निघतं."

"त्या पाण्याचं काय करतोस?"

रंगनाथने मान वळवली. शेगडीतला एक निखारा फुटला.

"ठेवतो."

"कुठे?"

"तिच्या खोलीत. तिचं तांब्याचं घंगाळ आहे, त्यात."

"झाकून?"

"उघडंच."

"भरलं असेल आतापर्यंत."

"नाही..." रंगनाथ म्हणाला. "ते भरतच नाही."

हे बोलताना तो क्षणभर अडखळला, पण त्याचा विचार पुढे गेला नाही. मशीनने हवेतून काढलेलं पाणी तो त्याच बंद खोलीत उघड्या भांड्यात ओतत होता, आणि ते पुन्हा हवेत जात होतं. अर्ध्या गावाच्या गच्च्या ज्याने कोरड्या केल्या, त्याला एवढं कळू नये? कळलं असतं, दुसऱ्या कुणाच्या घरात असता तर नक्की कळलं असतं. दुःखात माणसाची अक्कल आधी गहाण पडते.

"मोरीत का नाही ओतत?"

रंगनाथ शेगडीसमोर खाली बसला.

"शेवटचे सात दिवस तिला श्वास पुरत नव्हता. वारं लागू नये म्हणून मी खिडकी लावली. ती म्हणत होती, उघडा. मी नाही उघडली. माझंच खरं, असं मला वाटायचं. ती गेल्यावरही ती खिडकी मी उघडलेली नाही. तिने सोडलेले ते श्वास त्या खोलीतच आहेत, बाबा. मशीन तेच ओढून काढतं. ते मी मोरीत ओतू? माझ्या हाताने?"

आणि तो रडला. पन्नाशी उलटलेला धिप्पाड माणूस, गुडघ्यांत डोकं घालून, आवाज करून रडला.

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्यांनी मीटर उचललं, तोंडाजवळ नेलं आणि काचेवर एक लांब, सावकाश श्वास सोडला.

काच पांढरी झाली. काटा दिसेना.

"रंगनाथ, वर बघ. हे पाणी कुणाचं?"

त्याने डोळे पुसले. "तुमचं."

"प्रमिलेचं नाही?"

"...नाही."

"तू झोपतोस कुठे?"

"तिच्याच खोलीत."

"दार लावून?"

"दार लावून."

"चार महिने?"

बाबांनी मीटर रंगनाथच्या हातात दिलं. त्याने ते तोंडाजवळ नेलं, मग थांबला. मग हळूच श्वास सोडला. पुसट होत आलेली काच पुन्हा पांढरी झाली. त्या पांढऱ्या काचेकडे तो बघतच राहिला. इतके दिवस तो तांब्याभर तांब्याभर काय जपत होता, ते त्याला आता दिसत होतं, आणि दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे ते माझंच..."

बाबा शेगडीकडे बघत होते.

उघड्या दारातून धुक्याचा एक लोट आत आला. झोपडीत फिरला, दोघांच्या मधून गेला, मागच्या झरोक्यातून बाहेर पडला. कुणी त्याला अडवलं नाही.

रंगनाथ एकदम उभा राहिला. त्याचा आवाज चढला, शिष्याने गुरूपुढे चढवू नये इतका.

"मग तिचा कुठे गेला? सांगा ना! मी फट ठेवली नव्हती. एकसुद्धा फट ठेवली नव्हती. तिचा श्वास गेला कुठे?"

हसनबाबांनी मान वर केली. त्यांचेही डोळे भरलेले होते.

"कोंडून राहणारा असता, रंगनाथ, तर ती गेली असती का?"