लांबशेपट्याला मारलेली हाक

"पण आबा, तो आहे ना नक्की तिथे?"

अद्वैत गुर्जरने चौथ्यांदा विचारलं. होडी माझी, सुकाणू माझ्या हातात, म्हणून ऐकणं भाग होतं.

आबांनी नजर पाण्यावरच ठेवली. पस्तीस वर्षं भर समुद्रातल्या खडकावर दीपगृहाची बत्ती सांभाळलेला माणूस. बोलायची सवयच मोडलेली. पाखरं शिकायला लोक त्यांच्याकडे येतात, त्यातला हा पुण्याचा. तीन वर्षं येतोय. पाखरांची इंग्रजी नावं तोंडपाठ, पण होडीत कुठे बसावं ते अजून कळत नाही.

त्याला हवा होता लांबशेपट्या. पांढराशुभ्र, चोच लाल, शेपटीला हातभर लांब दोन पिसं. आपल्याकडचा नव्हेच तो. मागल्या वादळात जोडी भरकटत आली आणि त्याच खडकाच्या कड्यात एका बिळात राहिली.

पुढे मादी जाळ्यात अडकून मेली. जाळं माझंच. लपवून काय करू?

"याचा जिवंतपणीचा फोटो या किनाऱ्यावर कुणाकडे नाही," गुर्जर म्हणाला. "पहिला माझा असेल."

"बसायचं," आबा म्हणाले. "दिसला तर दिसला."

कड्याखाली नांगर टाकला. वैशाखाचं ऊन, विष्ठेचा घाण वास, डोक्यावर हजारो सुरय पाखरांचा कलकलाट. तीन तास बसलो. वर बिळाच्या तोंडाशी शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. बाहेर काही येईना.

"दुपारचा वारा सुटायच्या आत निघायचं," मी म्हटलं. "नाहीतर तुमचाच फोटो भिंतीवर लागेल. हार घालून."

गुर्जरने मोबाइल काढला.

"आबा, यांच्या जातीचा आवाज आहे माझ्याकडे. एकदाच वाजवतो."

आबांनी नको म्हणून हात हलवला.

"सगळे वाजवतात, आबा."

"तू शिकायला आलास, की सगळ्यांसारखा व्हायला?"

त्याने बिळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं... आणि वाजवला.

लांबशेपट्या बिळातून कुणी ढकलून दिल्यासारखा सुटला. ओरडत आला. होडीभोवती फिरला, खाली आला, पाण्यावर टेकला, पुन्हा उठला. गुर्जरचा कॅमेरा खडखडत होता. मोबाइल फळीवर वाजतच होता. एकदाच म्हणाला होता मेला.

आबांनी हात लांब करून मोबाइल बंद केला. गुर्जरने तो शर्टाच्या खिशात टाकला.

वारा सुटला. मी नांगर उचलला.

कडा मागे पडला तरी पाखरू मागे पडेना. ओरडायचं, थांबायचं, जबाबाची वाट बघायचं. पुन्हा ओरडायचं.

"परत जाईल ना तो?" गुर्जरने विचारलं.

मी सुकाणू धरून पुढेच बघत राहिलो.

"आबा, होडी मागे घेऊया का?"

"या वाऱ्यात?" मी म्हटलं. "तुम्ही ओढणार?"

समुद्राकडून जमिनीकडे वारा. आम्ही वाऱ्याबरोबर, आणि पाखरू आमच्याबरोबर. मधे दमून पाण्यावर बसलं. सुटलो म्हटलं. पुन्हा उठलं.

कॅमेरा गुर्जरने केव्हाच पिशवीत टाकला होता. दोन्ही हातांनी त्याला हाकलत होता. "जा! अरे, जा ना!"

होडी वाळूला लागली तेव्हा ते आमच्या पुढ्यात पडलं. या जातीला जमिनीवर चालता येत नाही. पाय मागे असतात. छातीवर सरपटत होडीकडे यायला लागलं. मासळीच्या वासावर बसलेली कुत्री उठली.

गुर्जर ओरडत धावला. कुत्री हाकलली, पण एकाने पंख फाडलाच.

आबा सावकाश उतरले. पाखरू उचललं. गुर्जरला खाली बसवलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. पांढऱ्या शर्टावर रक्त उतरत गेलं. शेपटीचं एक पीस तुटून वाळूत पडलं होतं.

पाखराची चोच उघडी. मान वळवून ते त्याच्या खिशाकडे बघत होतं.

"आबा... मी काय करू आता?"

आबांनी वाकून समुद्राच्या पाण्यात हात धुतले.

"बोल त्याच्याशी. तूच बोलावलंस ना?"