चपलांचा पाळक

"किल्ली तुमच्याकडेच आहे ना, गुरुजी?"

वडिलांसारखाच चर्चचा पाळक झालेला रेव्हरंड सुमंत पारधे धापा टाकत ओसरीवर चढला. काखेत पत्र्याची पेटी होती.

हनोख गुरुजी शेंगा सोलत बसले होते. मिशनच्या शाळेत सुमंतला पहिली अक्षरं त्यांनीच गिरवायला लावली होती.

"आधी बस. पाणी पी."

"बसायला वेळ कुठाय! चर्चच्या मागच्या खोलीत सापडली. आबांची पेटी! एकतीस वर्षांची प्रवचनं असणार हिच्यात. रविवारी आबांना जाऊन वर्ष होतंय. त्यांच्या आठवणींचं पुस्तक त्याच दिवशी निघायला हवं. पहिल्या पानावर त्यांचं अक्षर..."

"अक्षरच कशाला?"

"माणूस जातो, गुरुजी. कागद मागे राहतो. घरात त्यांच्या हातची एक ओळ नाही."

गुरुजींनी कनवटीला खोचलेली किल्ली काढली.

"त्यानं देऊन ठेवली होती. कधी मागायला येतोस, याची वाट बघत होतो."

कुलूप गंजलं होतं. एकदाचं झाकण उघडलं.

दाभण. मेण लावलेला दोरा. रबराच्या पट्ट्या. चपलांचे अंगठे, लहानमोठे, वीस-पंचवीस तरी. तळाशी एक फडकं.

त्याने फडकंसुद्धा झटकून पाहिलं.

"कागद...?"

"नाही."

"एकही नाही?"

"तो बोलायचा. लिहायचा कुठं!"

सुमंतचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे गाव म्हणायचं तेच खरं. चपलांचा पाळक! आत लोक शेवटचं गीत गातायत आणि आमचे आबा दाराबाहेर चपला फिरवतायत. म्हाताऱ्यांना पाय घालायला सोपं जावं म्हणून. तुटकी दिसली की शिवायचे. कुणाचा गुडघा आखडलेला असला, तर त्याची तेवढी चप्पल जरा पुढे. मग हात धुऊन आत, आशीर्वाद द्यायला! मी मान खाली घालून बसायचो, गुरुजी. सेमिनरीत शिकताना कधी कुणाला सांगितलं नाही."

"आशीर्वाद कधी चुकला का त्याचा?"

"मुद्दा तो नाही!"

"बरं."

"आता मी छापू काय? दाभण?"

"छाप की. तुझ्या अक्षरापेक्षा बरं दिसेल. पाटीवरून कोंबडी चालत गेल्यासारखं काढायचास."

सुमंतला हसू आलं. लगेच गेलंही.

"वर्ष झालं, गुरुजी... माझ्याकडे त्यांचं काहीच उरलं नाही."

गुरुजींनी एक शेंग फोडली. दाणे त्याच्या हातावर ठेवले.

तेवढ्यात फोन वाजला. छापखान्याचा.

"हो, हो, निघालोच! मशीन थांबवू नका. बाकीचा मजकूर तयार आहे. फक्त पहिलं पान..."

बोलतच तो उठला आणि पायऱ्या उतरला. त्याला फाटकापर्यंत सोडायला गुरुजीही उठले, खांबाला धरून, डावा पाय ताठ ठेवून.

पायरीशी गुरुजींच्या चपला घराकडे तोंड करून पडल्या होत्या.

फोन कानाला तसाच. सुमंत वाकला. मोकळ्या हाताने त्याने चपला फिरवल्या. तोंडं अंगणाकडे. डावी चार बोटं पुढे.

"...नाही, तसं नाही, पहिलं पान कोरं..."

तो थांबला.

हात अजून चपलेवरच होता.

फोनमधून कुणीतरी हॅलो, हॅलो म्हणत राहिलं...

गुरुजींनी डावा पाय घातला. मग उजवा. वाकावं लागलं नाही, चाचपावंही लागलं नाही. खांब सोडून त्यांनी टाळीच वाजवली.

"अरे रेव्हरंड, सापडलं की आबांचं अक्षर!"